मुद्दाम हरून संघ उभा राहतो का? ‘टँकिंग’चा हिशोब

आजच्या भागात बास्केटबॉल, आणि त्यातला एक विचित्र प्रश्न: नवा संघ बांधायचा असेल तर आधी मुद्दाम हरत राहण्यात शहाणपण आहे का? अमेरिकेच्या एनबीएमध्ये याला ‘टँकिंग’ म्हणतात.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हे फिक्सिंग नाही. यात बुकी नाही, की पैसे घेऊन शॉट चुकवणारा खेळाडू नाही. कोर्टवरचे पाच जण जीव तोडून खेळत असतात, कारण त्यांचं पुढचं कॉन्ट्रॅक्ट त्यावरच ठरतं. हरण्याची सोय ऑफिसात बसून केली जाते. चांगले खेळाडू दुसऱ्या संघांना देऊन टाकायचे, उरलेल्यांना ‘गुडघा जरा दुखतोय’ म्हणून बसवायचं आणि कच्ची पोरं उतरवायची. पुढचं आपोआप होतं.

हरून मिळतं काय?

आयपीएलमध्ये तळाला राहून काही हाती लागत नाही, कारण तिथे लिलाव असतो. एनबीएमध्ये असतो ड्राफ्ट. दरवर्षी नवे खेळाडू येतात आणि संघ क्रमाने एकेकाला निवडतात. प्लेऑफ न गाठलेल्या संघांचे पहिले नंबर लॉटरीने ठरतात. जो जास्त हरला, त्याला वरचा नंबर मिळण्याची शक्यता जास्त. हेतू चांगला आहे: दुबळ्याला हात द्यायचा. शिवाय युरोपातल्या फुटबॉलसारखी खालच्या लीगमध्ये घसरण्याची भीती इथे नाही. म्हणजे हरण्याला शिक्षा नाही, उलट बक्षीस आहे.

आणि बक्षीस मोठं आहे. कोर्टवर पाचच जण असतात, त्यामुळे एक असामान्य खेळाडू सगळं चित्र बदलू शकतो. सॅन अँटोनियो स्पर्सचंच बघा. १९९६-९७ मध्ये त्यांचा मुख्य खेळाडू डेव्हिड रॉबिन्सन जायबंदी झाला आणि संघ ८२ पैकी फक्त २० सामने जिंकला. लॉटरी लागली, टिम डंकन आला, आणि त्याच्यासोबत पुढे पाच विजेतेपदं. पण लोक एक गोष्ट विसरतात. त्या वर्षी सगळ्यात जास्त शक्यता बॉस्टनची होती, आणि बॉस्टनला डंकन मिळाला नाही.

फिलाडेल्फियाचा प्रयोग

हा हिशोब सगळ्यात उघडपणे मांडला फिलाडेल्फियाने. २०१३ मध्ये सॅम हिंकी तिथे जनरल मॅनेजर झाला. त्याचं म्हणणं सरळ होतं: मधल्या नंबरांवर रेंगाळण्यापेक्षा तळाला जाऊ आणि जमतील तितक्या वरच्या निवडी गोळा करू. पहिल्याच ड्राफ्टच्या रात्री त्याने जरू हॉलिडे हा त्या वर्षीचा ऑल-स्टार खेळाडू देऊन टाकला. पुढच्या तीन सीझनमधले विजय: १९, १८ आणि १०. म्हणजे २४६ सामन्यांत ४७. मध्ये सलग २६ पराभवांची एक रांगही लागली. चाहते या सगळ्याला ‘द प्रोसेस’ म्हणायला लागले, काही श्रद्धेने, काही चेष्टेने.

हाती काय लागलं? जोएल एम्बीड मिळाला, पण दुखापतीमुळे पहिले दोन सीझन तो खेळूच शकला नाही. नंतर मात्र २०२३ मध्ये एमव्हीपी झाला. २०१५ मध्ये तिसऱ्या नंबरवर जाहलिल ओकाफोर घेतला, आणि त्याच ड्राफ्टमध्ये डेव्हिन बुकर तेराव्या नंबरपर्यंत शिल्लक होता. हिंकीने एप्रिल २०१६ मध्ये राजीनामा दिला. लॉटरीत पहिला नंबर लागला तो त्यानंतर महिन्याभराने. २०१७ मध्ये पुन्हा पहिला नंबर, तोही बॉस्टनशी अदलाबदल करून घेतलेला. त्यात मार्केल फुल्ट्झ निवडला. बॉस्टनने तिसऱ्या नंबरवर जेसन टेटम घेतला, आणि तो २०२४ मध्ये विजेता झाला.

२०१८ पासून फिलाडेल्फिया सलग सात वर्षं प्लेऑफमध्ये होता, हे मान्य करायलाच हवं. पण २०२५ पर्यंत त्यात दुसऱ्या फेरीच्या पुढे एकदाही गेला नाही.

आता थोडं गणित

घाबरू नका, शाळेतलंच आहे. लॉटरीत १४ चेंडू असतात, त्यातले चार काढतात. अशा १००१ जोड्या होतात. एक बाद करून १००० उरतात आणि त्या संघांमध्ये वाटल्या जातात. पूर्वी सगळ्यात तळाच्या संघाला २५० मिळायच्या, म्हणजे पहिल्या नंबरची शक्यता २५ टक्के. टँकिंग फार बोकाळलं म्हणून लीगने २०१९ पासून नियम बदलला: तळाच्या तिन्ही संघांना प्रत्येकी १४ टक्के.

आता समजा, तुम्ही सलग तीन वर्षं तळाला राहिलात. एकदा तरी पहिला नंबर लागण्याची शक्यता किती? जुन्या नियमाने साधारण ५८ टक्के. नव्या नियमाने ३६. म्हणजे तीन वर्षं मार खाऊनही रिकाम्या हाताने परतण्याचीच शक्यता जास्त. शिवाय तळाचा संघ पाचव्या नंबरला घसरण्याची शक्यता जवळजवळ ४८ टक्के. डेट्रॉइटचं २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षी नेमकं हेच झालं.

२०१९ ते २०२५ या सात ड्राफ्टमध्ये तळाच्या संघाला पहिला नंबर एकदाही लागला नाही. यात कटकारस्थान शोधू नका. ०.८६ चा सातवा घात काढा, ०.३५ येतो. म्हणजे तीनातून एकदा हे असंच व्हायचं. २०२५ मध्ये तर १.८ टक्के शक्यता असलेल्या डॅलसला नंबर लागला आणि कूपर फ्लॅग मिळाला. याच डॅलसचे तेव्हाचे मालक मार्क क्यूबन २०१८ मध्ये एका पॉडकास्टवर बोलून गेले होते की हरणं हाच आपला सगळ्यात चांगला पर्याय आहे. दंड झाला सहा लाख डॉलर. (आपल्या पॉडकास्टवर असा धोका अजून तरी नाही.)

मग ओक्लाहोमाचं काय?

हा आक्षेप बरोबर आहे. ओक्लाहोमा सिटी २०२०-२१ मध्ये २२ आणि पुढच्या वर्षी २४ सामने जिंकला होता. २०२५ मध्ये तोच संघ विजेता. म्हणजे टँकिंग चाललं?

नीट बघा. शे गिल्जस-अलेक्झांडर हरून मिळालेला नाही. २०१९ मध्ये पॉल जॉर्जला क्लिपर्सकडे पाठवलं, त्या बदल्यात तो आला, सोबत पहिल्या फेरीच्या पाच निवडी. जेलन विल्यम्स बाराव्या नंबरचा, आणि तो नंबरही क्लिपर्सकडूनच आलेला. मोठ्या तिघांपैकी हरण्याची थेट कमाई एकच, दुसऱ्या नंबरचा चेट होम्ग्रेन. डेन्व्हरचा निकोला योकिच तर ४१ वा होता आणि यानिस अँटेटोकुम्पो १५ वा. दोघेही विजेते, दोघेही एमव्हीपी.

म्हणून माझं मत असं आहे. म्हातारा होत चाललेला संघ मोडायचा असेल तर वर्ष-दोन वर्षं हरावं लागतं. ती किंमत आहे, ती द्यावी. पण किंमत मोजली म्हणजे वस्तू मिळाली असं नाही. वस्तू मिळते ती खेळाडू ओळखणाऱ्या नजरेतून, चांगल्या सौद्यांतून आणि पोरांना घडवण्यातून. हे ज्यांच्याकडे नाही, त्यांना पहिला नंबर मिळाला तरी फुल्ट्झ आणि टेटममध्ये चूक होते.

आणि किंमत मोजणारे दुसरेच असतात. मॅनेजरसाठी तो पुढचा ड्राफ्ट असतो. एकोणीस-वीस वर्षांच्या खेळाडूसाठी ती करिअरची पहिली दोन वर्षं असतात, जी हरायची सवय लागण्यात जातात. आणि तिकीट काढून आलेल्याला तर कुणी सांगितलेलंही नसतं की आज जिंकायचं नाहीये.

तुमचा संघ असता तर तुम्ही किती वर्षं कळ काढली असती? कॉमेंटमध्ये लिहा. भेटू पुढच्या भागात.