पत्त्यावर मिळणारी शाळा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

मुलाला शाळेत घालणं म्हणजे काय असतं, हे आपल्याकडच्या पालकांना वेगळं सांगायला नको. आपण आधी शाळा निवडतो, तिथे प्रवेश मिळावा म्हणून धडपडतो आणि तो मिळाला की रिक्षा, व्हॅन, बस यांची सोय बघतो. घर शाळेपासून किती लांब आहे, हा विचार बहुधा शेवटी येतो. अमेरिकेतल्या सरकारी शाळांत हा क्रम बरोबर उलटा आहे. तिथे आधी घर आणि मग शाळा. तुम्ही ज्या पत्त्यावर राहता त्या पत्त्याची शाळा बहुतेक ठिकाणी आधीच ठरलेली असते. देणगी नाही, मुलाखत नाही, फी नाही. फक्त पत्ता खरा हवा.

मी एका माध्यमिक शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. प्रवेशअर्ज, जन्मदाखले, शाळा सोडल्याचे दाखले यांत माझी तीसेक वर्षं गेली. पुढे मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त न्यू जर्सी राज्यात राहायला गेले. नातीच्या प्रवेशाच्या वेळी मी तिथेच होते, आणि जुन्या सवयीने सगळे नियम वाचून काढले. आज ते सांगण्याचं कारण असं, की आता आपल्या कितीतरी घरांतली मुलं-सुना, लेकी-जावई तिकडे जातात. निघताना मसाल्यांची, लोणच्याच्या बरण्यांची यादी होते. नातवंडांच्या शाळेच्या कागदांची होत नाही.

आधी ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ हा शब्द समजून घेऊ. याचा अर्थ आपला जिल्हा नव्हे. शाळा चालवण्यासाठी आखलेला तो एक स्वतंत्र प्रदेश असतो. कधी एक गाव, कधी शेजारची दोन-तीन गावं, कधी अख्खं शहर. हवाईमध्ये तर संपूर्ण राज्याचा मिळून एकच डिस्ट्रिक्ट आहे. देशभरात असे १३ हजारांहून अधिक डिस्ट्रिक्ट आहेत. बहुतेक ठिकाणी कारभार शाळा मंडळ पाहतं आणि त्याचे सदस्य स्थानिक मतदार निवडून देतात. खर्चाचा मोठा भार राज्य सरकार आणि गावातल्या मालमत्तांवरचा कर, म्हणजे आपल्या भाषेत घरपट्टी, उचलते. वॉशिंग्टनमधल्या केंद्र सरकारचा वाटा सर्वसाधारणपणे दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. गावच्या घरपट्टीवर गावची शाळा चालते, म्हणूनच प्रत्येक डिस्ट्रिक्ट आपल्या हद्दीबाबत इतका दक्ष असतो. मात्र भाड्याने राहणाऱ्याच्या मुलाचा हक्क घरमालकाच्या मुलाइतकाच असतो, हे लक्षात ठेवावं.

त्यामुळे नोंदणी कचेरीत सर्वांत बारकाईने पाहिला जातो तो राहण्याचा पुरावा. घराचा भाडेकरार किंवा खरेदीचे कागद, विजेचं किंवा गॅसचं बिल, बँकेचं पत्र, असे दोन-तीन कागद मागतात. कागदांची यादी प्रत्येक डिस्ट्रिक्टची वेगळी असते, म्हणून ती आधी मागून घ्यावी. आपली मंडळी नवीन गेली की पहिला महिना-दोन महिने मित्राकडे किंवा नातेवाइकांकडे राहतात. अशा वेळी आपल्या नावाचा भाडेकरार नसतो. मग ज्याच्या घरी राहतो त्याने ‘हे कुटुंब माझ्याकडे राहतं’ असं प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागतं. काही डिस्ट्रिक्ट खात्री करायला माणूस घरीही पाठवतात. त्यात अपमान वाटून घेण्याचं कारण नाही.

वयाचा पुरावा म्हणून जन्मदाखला किंवा पासपोर्ट चालतो. आपल्याकडे ज्याच्यावाचून अडतं तो शाळा सोडल्याचा दाखला तिथे कोणी अडवून धरत नाही. पण मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं, इंग्रजीत भाषांतर करून, जरूर न्यावीत. मोठ्या मुलांच्या बाबतीत कोणते विषय झाले, हे त्यावरूनच ठरतं.

आता एक गोष्ट जी शाळा विचारत नाही. मूल कोणत्या देशाचं नागरिक आहे, व्हिसा आहे की नाही, यावर प्रवेश अडवता येत नाही. यामागे एक खटला आहे. टेक्सास राज्याने १९७५ मध्ये कायदा करून, देशात कागदपत्रांशिवाय राहणाऱ्या मुलांसाठीचा पैसा रोखला. १९७७ मध्ये तिथल्या टायलर या गावच्या डिस्ट्रिक्टने अशा मुलांकडून वर्षाला एक हजार डॉलर फी मागितली. मुलं बहुतेक मेक्सिकोतून आलेल्या मजुरांची. ती कुठून देणार? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८२ मध्ये ‘प्लायलर विरुद्ध डो’ या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला, की आईबापांच्या कृत्याची शिक्षा मुलाला अज्ञानात ठेवून देता येणार नाही. या निकालाला विरोध आजही होतो. २०२५ मध्ये टेनेसी राज्याच्या सिनेटने अशा मुलांना प्रवेश नाकारण्याची किंवा त्यांच्याकडून फी घेण्याची मुभा देणारं विधेयक मंजूर केलं होतं, पण तिथल्या दुसऱ्या सभागृहात ते अडलं.

मात्र इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण मला तो अनेकदा विचारला जातो. ‘आमचा नातू त्याच्या काकाकडे पाठवतो, तिथल्या फुकटच्या शाळेत शिकेल.’ असं होत नाही. आईवडील नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर गेले आणि मूल त्यांच्यावर अवलंबून म्हणून सोबत गेलं, तर ते सरकारी शाळेत जाऊ शकतं. पण पर्यटक म्हणून गेलेल्याला शाळेत शिकण्याची परवानगी नसते. मुलाला स्वतंत्र विद्यार्थी व्हिसा काढायचा म्हटलं, तर १९९६ च्या कायद्याप्रमाणे त्यावर सरकारी प्राथमिक शाळा नाहीच. माध्यमिक शाळा फार तर बारा महिने, आणि तीही पूर्ण खर्च भरून. न्यू जर्सीत आईबापांशिवाय दुसऱ्याच्या घरी राहणाऱ्या मुलाला मोफत प्रवेश मिळतो, पण त्यासाठी आईबापांची कौटुंबिक किंवा आर्थिक अडचण शपथेवर सिद्ध करावी लागते. केवळ शाळेसाठी मूल आणून ठेवलं असेल, तर तो प्रवेश मिळत नाही.

पुढचा टप्पा लसींचा. इथे आपल्या लोकांचे सर्वांत जास्त दिवस वाया जातात. मुलाला सगळ्या लसी दिलेल्या असतात, तरी कार्ड पुरेसं ठरत नाही. त्याची कारणं नीट ऐका. पहिलं, आपल्या सरकारी कार्यक्रमात गोवराची पहिली लस नवव्या महिन्यानंतर देतात. तिथे पहिल्या वाढदिवसाच्या आधी दिलेला हा डोस धरत नाहीत. दुसरं, आपल्या सरकारी दवाखान्यात गोवर आणि रुबेलाची लस मिळते. तिथे त्या दोहोंबरोबर गालगुंडाचीही लागते. तिसरं, कांजिण्यांची लस आपल्या सरकारी यादीत नाही, तिथे शाळेसाठी ती लागते. चौथं, तारखा. आपण दिवस आधी लिहितो, ते महिना आधी लिहितात. आपली पाच एप्रिल तिथे चार मे होते आणि दोन डोसांमधलं अंतर चुकल्यासारखं दिसतं. म्हणून निघण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांकडून महिन्याचं नाव अक्षरांत लिहिलेली, सहीशिक्क्याची यादी इंग्रजीत करून घ्यावी. न्यू जर्सीत सहावीच्या मुलांना धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याचा वाढीव डोस आणि मेंदूज्वराची लसही लागते.

आणखी एक. आपल्याकडे जन्मल्याबरोबर बीसीजी टोचतात. काही ठिकाणी भारतातून आलेल्या मुलाची क्षयाची तपासणी करतात. ती हातावर टोचून केली तर बीसीजीमुळेही सूज येऊ शकते आणि आईबापांचा जीव घाबरा होतो. अशा वेळी रक्ताची तपासणी करता येते का, हे डॉक्टरांना विचारावं. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

इयत्ता कोणती, हे बहुतांशी वयावर ठरतं. शाळा ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला सुरू होते आणि मोठ्या शिशुवर्गासारख्या ‘किंडरगार्टन’ला पाच वर्षं पूर्ण लागतात. पण कोणत्या तारखेला पूर्ण, हे राज्यागणिक बदलतं. कॅलिफोर्नियात ती तारीख एक सप्टेंबर आहे. न्यूयॉर्क शहरात त्या वर्षाचा ३१ डिसेंबर. नोव्हेंबरात जन्मलेलं एकच मूल एकीकडे शाळेत बसेल, दुसरीकडे वर्षभर थांबेल.

आता ज्या कागदावरून आमच्या घरात रात्री उशिरापर्यंत चर्चा झाली, त्याकडे येते. प्रवेशाच्या अर्जासोबत घरच्या भाषेची एक प्रश्नावली असते. मूल प्रथम कोणती भाषा बोलायला शिकलं? घरी सर्वांत जास्त कोणती बोलता? जावई म्हणाले, “आई, ‘इंग्रजी’ असंच लिहून टाकू. ‘मराठी’ लिहिलं तर तिची परीक्षा घेतील आणि वेगळ्या वर्गात बसवतील. सगळे ओळखीचे असंच करतात.” मी म्हटलं, “तिला इंग्रजी येतं हे तुम्हालाही ठाऊक आणि मलाही. पण अमेरिकन बाईंनी विज्ञानाचा धडा भराभर सांगितला तर तो तिला कळेल का, हे आपल्यापैकी कोणाला सांगता येईल?” लेकीने ‘मराठी’ लिहिलं.

असं लिहिल्यावर शाळा मुलाचं इंग्रजी तपासते आणि गरज असली तर रोज थोडा वेळ जादा शिकवते. हा हक्कही भांडून मिळालेला आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी भाषा बोलणाऱ्या मुलांच्या पालकांनी दाद मागितली आणि १९७४ मध्ये ‘लाउ विरुद्ध निकल्स’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ज्या मुलाला वर्गाची भाषाच कळत नाही, त्याला तीच पुस्तकं आणि तेच शिक्षक देऊन समान शिक्षण दिलं असं होत नाही. पालकांना हा जादा वर्ग नको असेल तर ते नाकारू शकतात. भाषेची वार्षिक चाचणी मात्र चालू राहते. आमच्या नातीला काही महिने असा वर्ग होता. तिथेच तिला पहिली मैत्रीण मिळाली, कोरियाची. आणि हो, त्या कागदावर ‘मराठी’ लिहिणाऱ्यांची संख्या वाढली, तरच त्या गावात मराठी मुलं किती आहेत हे शाळेला कळणार ना!

इथवर ऐकून वाटेल, की ही व्यवस्था फार उदार आहे. आहेच. राहायला स्वतःचं घर नसलेल्या मुलालाही १९८७ च्या मॅकिनी-व्हेंटो कायद्याप्रमाणे कागद अपुरे असले तरी ताबडतोब वर्गात घ्यावं लागतं. पण जी व्यवस्था ‘तू कोणत्या देशाचा’ हे विचारत नाही, ती ‘तू रस्त्याच्या कोणत्या बाजूचा’ हे मात्र फार कठोरपणे विचारते. ओहायो राज्यात अ‍ॅक्रन शहरात राहणाऱ्या केली विल्यम्स-बोलर या आईने आपल्या दोन मुलींना शेजारच्या, चांगल्या समजल्या जाणाऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये आपल्या वडिलांच्या पत्त्यावर घातलं. २०११ मध्ये तिला त्यासाठी तुरुंगात जावं लागलं. पुढे त्याच वर्षी राज्याच्या गव्हर्नरांनी तिचा गुन्हा सौम्य केला. शाळेसाठी आजोबांचा पत्ता देणं, हे आपल्याकडच्या कोणाला गुन्हा वाटेल?

याचं मूळ पुन्हा घरपट्टीत आहे. महागड्या घरांच्या गावात कर जास्त जमतो, गरीब गावात कमी. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरातल्या गरीब वस्तीतले पालक याविरुद्ध कोर्टात गेले. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी, सांगितलं की ही विषमता देशाच्या राज्यघटनेचा भंग ठरत नाही. राज्यांनी नंतर ही दरी काही प्रमाणात भरली, पण चांगल्या शाळेच्या हद्दीतलं घर अजूनही महागच असतं. फी नसलेल्या शाळेची किंमत पालक घरभाड्यात मोजतात.

म्हणून पत्त्याबाबत लबाडी करू नये आणि भिऊही नये. न्यू जर्सीत पाच वर्षांवरच्या आणि विसाच्या आतल्या, त्या हद्दीत राहणाऱ्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. मंडळाने राहण्याचा पुरावा अमान्य केला तर २१ दिवसांत राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे दाद मागता येते आणि तोवर मूल वर्गातच बसतं. हरलात तर मात्र त्या काळाची फी भरावी लागते.

आपल्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही सांगितलं आहे, की वयाचा दाखला नाही म्हणून मुलाला परत पाठवू नका. खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागांसाठी आपणही पत्त्याचा पुरावा मागतो, घरापासूनचं अंतर मोजतो. दोन्हीकडचे नियम वाचल्यावर मला एवढंच वाटतं, की प्रवेशाच्या खिडकीत बसलेल्या माणसाने ‘काय कमी आहे’ याआधी ‘मूल कधीपासून वर्गात बसेल’ हे विचारावं. आणि पालकांनी त्या खिडकीशी जाताना कागद पूर्ण न्यावेत, खरे न्यावेत आणि आपली भाषा लिहिताना हात आखडू नये.