अणुप्रकल्पातला कर्मचारी ‘धोका आहे’ म्हणतो, तेव्हा त्याचं ऐकतं कोण?

सोलापुरातल्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात एक्स-रे काढायला गेलात, तर तिथल्या तंत्रज्ञाच्या छातीवर एक छोटा बिल्ला दिसेल. त्याला टीएलडी बॅज म्हणतात. तंत्रज्ञाच्या अंगावर किती किरणोत्सर्ग पडला, याची नोंद त्यात साठत जाते. ठरावीक मुदतीनंतर बिल्ला प्रयोगशाळेत जातो आणि तेव्हा कुठे आकडा कळतो.

पालघर जिल्ह्यातल्या तारापूर अणुवीज केंद्रातले कर्मचारीही असाच बिल्ला लावतात. सोलापुरातलं एक्स-रे यंत्र असो की तारापूरची अणुभट्टी, दोन्हींवर देखरेख ठेवणारी संस्था एकच आहे. ती म्हणजे मुंबईत अणुशक्तीनगरला मुख्यालय असलेलं अणुऊर्जा नियामक मंडळ, अर्थात एईआरबी.

पण बिल्ला सांगतो ते घडून गेल्यावर. ‘हा व्हॉल्व्ह नीट बसत नाही’, ‘या खोलीत मोजमाप करणारं यंत्रच नाही’ हे आधी सांगू शकतो तो तिथे रोज काम करणारा माणूस. त्याने ते सांगितलं, तर पुढे काय होतं? याचं उत्तर शोधायला २००३ सालच्या एका घटनेकडे जावं लागेल.

कल्पाक्कममध्ये काय घडलं होतं?

तामिळनाडूतल्या कल्पाक्कमला वापरलेल्या अणुइंधनावर पुनर्प्रक्रिया करणारा कारखाना आहे. तिथे वीज तयार होत नाही. वीजकेंद्रातून निघालेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढण्याचं काम चालतं. त्याचा कारभार त्या वेळी मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राकडे, म्हणजे ‘बार्क’कडे होता.

२१ जानेवारी २००३ रोजी काही कर्मचाऱ्यांना टाक्यांच्या विभागातून कमी किरणोत्सर्गी कचऱ्याचा नमुना आणायला सांगितलं गेलं. एक व्हॉल्व्ह निकामी झाल्याने तिथे अतिकिरणोत्सर्गी कचरा शिरला होता. हे त्यांना कळायला मार्ग नव्हता, कारण कारखाना सुरू होऊन पाच वर्षं होत आली तरी त्या भागात किरणोत्सर्ग मोजणारी यंत्रं बसवलेलीच नव्हती. नमुना तपासायला घेतला तेव्हा गडबड लक्षात आली.

तोवर सहा जणांना सुमारे २८० ते ४२० मिलिसिव्हर्ट एवढी मात्रा मिळाली होती. हा आकडा किती मोठा? भारतात अशा कर्मचाऱ्याला एका वर्षात जास्तीत जास्त ३० मिलिसिव्हर्ट आणि पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे. सामान्य नागरिकासाठी ती वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे.

कर्मचाऱ्यांनी तक्रार केली नव्हती का?

केली होती. घटनेनंतर कर्मचारी संघटनेने संचालकांना पत्र लिहून दहा मागण्या मांडल्या. पूर्णवेळ सुरक्षा अधिकारी नेमा, ही त्यातली एक. मागच्या दोन वर्षांत आणखी दोनदा कर्मचाऱ्यांना जादा किरणोत्सर्ग झाल्याचंही पत्रात लिहिलं होतं. कारखाना बंद ठेवावा, अशी सुरक्षा समितीचीही शिफारस होती. तरीही काम सुरूच राहिलं आणि पत्राला उत्तर आलं नाही.

काही महिन्यांनी संघटनेने संप केला. आंदोलनातल्या प्रमुख लोकांच्या बदल्या झाल्या आणि दोन दिवसांत बाकीचे कामावर परतले. शेवटी माहिती वृत्तपत्रांपर्यंत पोहोचली. तेव्हा कुठे, देशातल्या अणुक्षेत्रातली किरणोत्सर्गबाधेची ही सर्वांत गंभीर घटना असल्याचं व्यवस्थापनाने मान्य केलं.

मात्र त्याच वेळी दोष कर्मचाऱ्यांच्या अतिउत्साहावर आणि बिल्ला न लावण्यावर टाकला गेला. बिल्ला लावायला हवा, यात वाद नाही. पण बिल्ला काही भोंगा वाजवत नाही. तो छातीवर असता, तरी ‘इथून बाहेर पडा’ असं त्याने सांगितलं नसतं. ते सांगायला भिंतीवर मोजयंत्र हवं होतं आणि नेमकं तेच नव्हतं.

मग नियामक मंडळ कुठे होतं?

या प्रकरणातला कळीचा मुद्दा हाच आहे. २००० साली सरकारने बार्कच्या आस्थापना एईआरबीच्या देखरेखीतून बाहेर काढल्या होत्या. त्यांची सुरक्षा तपासण्याचं काम बार्कच्याच अंतर्गत यंत्रणेकडे गेलं. म्हणजे कारखाना चालवणारी आणि त्याची तपासणी करणारी संस्था एकच. व्यवस्थापनाने पत्राला उत्तर दिलं नाही, तर दार ठोठवायला दुसरं घर उरलं नव्हतं.

वीजकेंद्रांचं तसं नाही. तारापूर, कैगा, काक्रापारसारखी केंद्रं एईआरबीच्या कक्षेत येतात. तिथे सुरक्षेचा प्रश्न पायरीपायरीने वर जातो. आधी केंद्रातली आढावा समिती, मग केंद्र चालवणाऱ्या न्यूक्लियर पॉवर कॉर्पोरेशनची समिती, त्यानंतर एईआरबीची ‘सारकॉप’ ही समिती आणि सर्वांत वर मंडळ. परवाना ठरावीक मुदतीचा असतो, दर दहा वर्षांनी सखोल फेरतपासणी होते आणि भट्टी थांबवायला लावण्याचा अधिकारही मंडळाला आहे.

तारापूरचे पहिले दोन संच १९६९ मध्ये सुरू झाले. वय झालेल्या या संचांच्या फेरतपासणीनंतर २००५-०६ मध्ये दोन्ही काही महिने बंद ठेवून सुरक्षेच्या सुधारणा करण्यात आल्या. बाहेरच्या तपासणीचा उपयोग होतो, याचं हे आपल्या राज्यातलं उदाहरण.

कर्नाटकातल्या कारवारजवळच्या कैगा केंद्रात नोव्हेंबर २००९ मध्ये कर्मचाऱ्यांच्या नेहमीच्या लघवी तपासणीत ट्रिटियमचं प्रमाण जास्त आढळलं. शोध घेतल्यावर कुणीतरी पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळल्याचं उघड झालं. नियमित तपासणी होती म्हणून हा प्रकार लवकर कळला.

मंडळ स्वतंत्र आहे का?

एईआरबीची स्थापना १५ नोव्हेंबर १९८३ रोजी सरकारी आदेशाने झाली, स्वतंत्र कायद्याने नव्हे. मंडळ अहवाल देतं अणुऊर्जा आयोगाला. आयोगाचे अध्यक्ष हेच अणुऊर्जा विभागाचे सचिव असतात. आणि वीजकेंद्रं चालवणारी कंपनी त्याच विभागाची. थोडक्यात, पंच ज्याला उत्तर देतो, तोच एका संघाचा मालक.

हे आतल्या लोकांनीही सांगितलं आहे. १९९३ ते १९९६ या काळात मंडळाचे अध्यक्ष असलेले डॉ. ए. गोपालकृष्णन यांच्या कारकिर्दीत अणुऊर्जा विभागाच्या आस्थापनांमधल्या शंभराहून अधिक सुरक्षा त्रुटींची यादी तयार झाली. पद सोडल्यानंतर ते स्वतंत्र नियामकाची मागणी जाहीरपणे करत राहिले.

२०१२ मध्ये महालेखापरीक्षकांनी, म्हणजे ‘कॅग’ने, यावर कडक अहवाल दिला. मंडळाला स्वतः नियम करण्याचा अधिकार नाही आणि नियमभंगासाठीचा कमाल दंड अवघा ५०० रुपये आहे, असं त्यात नोंदवलं होतं. देशातली सुमारे ९१ टक्के वैद्यकीय एक्स-रे केंद्रं नोंदणीविना चालू असल्याचंही याच अहवालात होतं. म्हणजे हा प्रश्न फक्त अणुभट्टीपुरता नव्हता, गल्लीतल्या एक्स-रे केंद्रापर्यंत पोहोचलेला होता.

२०११ मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाचं विधेयक लोकसभेत आलं, पण २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि तेही बारगळलं. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तज्ज्ञांनीही मंडळाला कायद्याने स्वातंत्र्य द्यावं, असं सुचवलं.

इतर देशांत काय होतं?

अमेरिकेत मिलस्टोन अणुवीज केंद्रातले अभियंता जॉर्ज गॅलाटिस यांनी एक गोष्ट हेरली. भट्टीतून काढलेलं गरम इंधन ठरलेल्या मुदतीआधीच साठवण टाकीत हलवलं जात होतं. कंपनीने दाद दिली नाही आणि नियामकानेही बराच काळ कानाडोळा केला. १९९६ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने ही गोष्ट मुखपृष्ठावर छापली आणि चक्रं फिरली. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी कंपनी कशा हाताळते, यावर बाहेरच्या त्रयस्थांची देखरेख नेमण्याचा आदेश नियामकाने त्याच वर्षी दिला. पुढच्या वर्षी कंपनीला २१ लाख डॉलरचा दंड झाला.

जपानमध्ये उलटं घडलं. फुकुशिमातल्या एका भट्टीच्या तपासणीची खोटी नोंद झाल्याचं एका तपासनिसाने २००० साली सरकारला कळवलं. सरकारी यंत्रणेने त्याचं नावच वीज कंपनीला कळवून टाकलं. प्रकरण जगासमोर यायला ऑगस्ट २००२ उजाडलं. पुढे कंपनीच्या अध्यक्षांना पायउतार व्हावं लागलं.

दोन्हीकडे माहिती आतूनच आली होती. तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त राहणार नसेल, तर पुढचा माणूस तोंड उघडत नाही.

भारतात आता काय बदललंय?

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ नावाने ओळखला जाणारा नवा अणुऊर्जा कायदा मंजूर केला. १९६२ चा जुना कायदा बाजूला सारून त्याने खासगी कंपन्यांना अणुवीज क्षेत्राची दारं उघडली आणि एईआरबीला कायद्याचं अधिष्ठान दिलं. अनेक वर्षांची एक मागणी यातून पूर्ण झाली. मंडळ प्रत्यक्षात किती मोकळेपणाने वागतं, हे मात्र नेमणुका, निधी आणि पहिल्या काही कठीण निर्णयांवरून दिसेल. खासगी मालक आल्यावर तर त्याची गरज आणखी वाढेल.

तक्रारदाराच्या संरक्षणाचं काम अजून अर्धवट आहे. गैरप्रकार उघड करणाऱ्यांसाठीचा ‘व्हिसल ब्लोअर्स’ कायदा २०१४ मध्ये मंजूर झाला, पण तो अंमलात आणलाच गेला नाही. सरकारी संस्थांतला गैरव्यवहार कळवायचा असेल, तर २००४ च्या ठरावानुसार केंद्रीय दक्षता आयोगाकडे जाता येतं आणि तिथे नाव गुप्त ठेवलं जातं. पण ती सोय मुख्यतः भ्रष्टाचार आणि पदाच्या गैरवापरासाठी आहे, गळक्या व्हॉल्व्हसाठी नाही.

सोलापुरातल्या चादर-टॉवेलच्या कारखान्यात काम करणाऱ्यांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराला एक हक्क मिळाला. जिवाला तातडीचा धोका वाटला, तर तो व्यवस्थापनाला आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवू शकतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेतही असा हक्क आहे. ‘त्याच वेळी’ हे शब्द महत्त्वाचे, कारण मालकाच्या उत्तराची वाट पाहत बसावं लागत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर बातमी आली तर काय तपासायचं?

‘अणुप्रकल्पात गळती’ असा मेसेज आला की दोन टोकं दिसतात. कुणी घाबरून दहा ग्रुपवर पाठवतो, कुणी अफवा म्हणून सोडून देतो. त्याआधी तीन गोष्टी पाहा. मात्रेचा आकडा मिलिसिव्हर्टमध्ये दिला आहे का आणि वरच्या मर्यादेशी तुलना केली तर तो किती आहे? तो आकडा केंद्राने स्वतःच सांगितला, की बाहेरच्या तपासणीतून आला? आणि तिथल्या कर्मचाऱ्यांनी याआधी काही कळवलं होतं का, कळवलं असेल तर त्याचं पुढे काय झालं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बातमीत क्वचितच मिळतं. कल्पाक्कमच्या सहा जणांनाही ते आधी कुणी विचारलं असतं, तर टाक्यांच्या त्या विभागात जाण्यापूर्वी निदान तिथे मोजयंत्र नाही, हे तरी नोंदलं गेलं असतं.