रेघ दाबलीच नाहीस

"स्टेनो अजून कुणी शिकतं का, जरा बघून या," म्हणून संपादकांनी सोलापूरला धाडलं. टायपिंग इन्स्टिट्यूटच्या वरच्या मजल्यावर वर्ग भरला होता आणि सर डिक्टेशन देत होते. उताऱ्यात दर वीस शब्दांवर पेन्सिलीची खूण. पंधरा सेकंदांत एक खूण गाठली की मिनिटाला 80 चा स्पीड. सर घड्याळाकडे बघत एकसुरी वाचत जातात, स्वल्पविरामालाही सवलत नाही. उतारा संपला की कुणाकडे तरी बोट दाखवतात, "वाच."

त्या दिवशी एका मुलीने "धरणातला काळ उपसण्यासाठी" असं वाचलं आणि वर्ग हसला. सर वहीवर वाकले. "गाळ आहे तो. रेघ दाबलीच नाहीस."

आयझॅक पिटमनने 1837 मध्ये इंग्लंडात छापलेल्या लघुलेखन पद्धतीची सगळी गोम या दाबण्यात आहे. 'क' ही आडवी बारीक रेघ, तीच दाबून काढली की 'ग'. 'ट' उभी, दाबली की 'ड'. 'प' डावीकडून उजवीकडे तिरपी उतरते, दाबली की 'ब'. व्यंजनांची त्याची मांडणी ओठांपासून सुरू होऊन कंठाकडे जाते, म्हणजे आपली क-च-ट-त-प जवळजवळ उलटी; आणि प्रत्येक जोडीत एक अघोष, एक घोष. बाराखडी घोकलेल्या पोराला हे चटकन उमगतं. बॉलपेनने मात्र रेघ जाड-बारीक होत नाही. म्हणून इथे प्रत्येकापुढे दोन्ही टोकं तासलेली पेन्सिल असते. एक टोक बोथटलं की फिरवायची.

स्वरांसाठी ठिपके आणि बारीक दांड्या आहेत, पण स्पीड वाढला की त्या गळतात. मग स्वर कळावा कसा? पिटमनची ही युक्ती मला फार आवडली. 'ट'ला 'प' जोडून ओळीच्या वर लिहिलं तर टॉप, ओळीवर टेकवलं तर टेप, ओळ छेदली तर टिप. चिन्ह तेच, जागा वेगळी. तरी टॉप, टॅप आणि टाइप एकाच जागी येतात. तिथे वाक्याचा अर्थ बघूनच काय ते ठरवायचं. म्हणून सरांच्या लेखी लिहिणं अर्धंच, वाचणं खरं. वाचणं किती जड जाऊ शकतं ते बघा. सॅम्युअल पेप्स या इंग्रजाची सतराव्या शतकातली रोजनिशी शेल्टन नावाच्या एकाने काढलेल्या लघुलिपीत होती. ती उलगडण्यात एकोणिसाव्या शतकात जॉन स्मिथची तीन वर्षं गेली. त्या लिपीच्या किल्लीचं पुस्तक पेप्सच्याच ग्रंथसंग्रहात पडून होतं!

मराठीत आणखी पंचाईत. पिटमनच्या इंग्रजीला त आणि ट, न आणि ण, ल आणि ळ असा भेद पाळावा लागला नव्हता; ख, घ, भ तर नाहीतच. शिवाय आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. इंग्रजीत तीन सुटे शब्द होतात, तिथे 'जिल्हाधिकाऱ्यांकडून' हा एकच. मोजताना एक, काढताना दमछाक. मराठीचा 80 आणि इंग्रजीचा 80 सारखा नव्हे, हे सर ठासून सांगतात. मलाही ते पटलं.

मुलं येतात ती नोकरीची जाहिरात बघून. राज्य सरकारात लघुटंकलेखकाला 80, निम्न श्रेणी लघुलेखकाला 100, उच्च श्रेणीला 120 शब्दांचा वेग लागतो. वर टायपिंगचं सर्टिफिकेट. राज्य परीक्षा परिषदेची लघुलेखनाची परीक्षा 60 पासून सुरू होते आणि बरीच पोरं तिथवरही टिकत नाहीत. पहिले काही महिने नुसत्या रेघा गिरवायच्या. घरचे विचारतात, हे काय चाललंय? मित्र म्हणतात, मोबाईल बोललेलं आपोआप लिहून देतो की. सरांचं त्यावर उत्तर तयार असतं. बैठकीत तिघं एकदम बोलतात, साहेब अर्धं वाक्य सोडून "ते नको, असं घ्या" म्हणतात, यातलं काय ठेवायचं आणि काय गाळायचं ते स्टेनोलाच कळतं. मुद्दा खोटा नाही. पण तो ऐकणारे साहेब कमी होत चाललेत. हल्लीचे कितीतरी अधिकारी स्वतःच टाइप करतात, आणि 120 ची परीक्षा देऊन लागलेला लघुलेखक दिवसभर ई-मेल, दौऱ्याचे कार्यक्रम आणि फोन सांभाळत बसतो. सरांचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला होता, मंत्रालयात आहे. सरांनी गंमत म्हणून त्याला वर्गात बसवून 100 चा उतारा दिला. निम्म्यातच त्याची पेन्सिल थांबली.