विश्लेषण : रेसिंग कार्टचे ‘सिक्वेन्शियल’ गिअर आपल्या मोटारीत का नसतात?

कामशेतहून बेडसे लेणी आणि पवना धरणाकडे जाताना चढ-उतार आणि वळणे सुरू झाली, की मोटारचालकाचा हात गिअरच्या दांड्यावर जातो. त्याच रस्त्यावर दुचाकीस्वाराचे काम पायाच्या एका दाबात भागते. रेसिंग कार्ट आणि प्रवासी मोटार यांच्यातही असाच फरक आहे. घाटात गाडी चालवणाऱ्यांनी तो समजून घेणे उपयोगाचे ठरते.

दोन पद्धतींत फरक काय?

नेहमीच्या मॅन्युअल मोटारीत दांडा इंग्रजी ‘एच’ अक्षरासारख्या वाटेने फिरतो. पाचव्या गिअरवरून थेट तिसऱ्यात येता येते. सिक्वेन्शियल पद्धतीत दांडा फक्त पुढे-मागे हलतो. पाचव्यानंतर चौथा, मग तिसरा. मधली पायरी गाळता येत नाही. आत खाचा असलेला दंडगोल असतो. प्रत्येक झटक्याला तो थोडा फिरतो आणि शेजारचा गिअर टाकतो. मोटारसायकलचे गिअर याच पद्धतीचे असतात.

सगळ्या कार्टना गिअर असतात का?

नाही. पर्यटनस्थळी भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक कार्टना गिअर नसतात. इंजिनाचे फेरे वाढले की सेंट्रिफ्यूगल क्लच आपोआप पकड घेतो. स्पर्धेतील ‘केझेड’ गटाच्या कार्टमध्ये मात्र १२५ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन आणि सहा गिअर असतात. क्लच मुख्यतः सुरुवातीला लागतो. पुढे तो न दाबताच गिअर बदलतात.

शर्यतीत हीच पद्धत का?

अशा इंजिनाची खरी ताकद फेऱ्यांच्या अरुंद टप्प्यातच मिळते, त्यामुळे सतत गिअर बदलावे लागतात. स्टिअरिंगवरून हात क्षणभरच काढता येतो. घाईत चौथ्याऐवजी दुसरा गिअर पडण्याची भीतीही राहत नाही. फॉर्म्युला वनमध्ये १९८९ साली फेरारीने स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलणारी मोटार उतरवली. नायजेल मॅन्सेलने ब्राझीलमधील पहिलीच शर्यत तिच्यावर जिंकली.

मग प्रवासी मोटारीत अडचण कोणती?

मोटारीतील ‘सिंक्रोमेश’ यंत्रणा दोन भागांचा वेग आधी जुळवते आणि मग गिअर टाकते. म्हणून गिअर अलगद पडतो. शर्यतीच्या गिअरबॉक्समध्ये दाते थेट एकमेकांत अडकतात. काम झटपट होते, पण आवाज, धक्के आणि झीज वाढते. शिवाय सिग्नलला थांबताना प्रत्येक पायरी उतरावी लागते. रोजच्या वापरात हे परवडत नाही.

‘एएमटी’मधील अधिक-उणे म्हणजे काय?

२०१४ मध्ये मारुती सेलेरिओ आल्यानंतर एएमटी मोटारी भारतात रुळल्या. त्यांचा दांडा अधिक-उणे दिशेने हलवला की सिक्वेन्शियलचा भास होतो. आत मात्र साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स असतो. क्लच आणि गिअरचे काम संगणकाच्या आज्ञेने होते. इंजिनाला धोका होईल इतका खालचा गिअर मागितला, तर संगणक तो नाकारतो.

घाटात याचा उपयोग काय?

लांब उतारावर सतत ब्रेक दाबला, की तो तापतो आणि त्याची पकड कमी होते. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला आवरते. एएमटी मोटारीत उतारापूर्वी मॅन्युअल मोड निवडून खालचा गिअर घ्यावा. इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करणे मात्र धोक्याचे, कारण मग सगळा भार ब्रेकवर पडतो. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या चालकांचा नियम आजच्या मोटारींनाही लागू पडतो.