गावाचे नाव आणि चाकूचे नाव : ‘लायोल’च्या निमित्ताने

वस्तूच्या संदर्भात देशी आणि आयात असा भेद करताना ती कोठे घडली, एवढेच सामान्यतः पाहिले जाते. ती ज्या नावाने विकली जाते त्या नावावर हक्क कोणाचा, हा प्रश्न मागे राहतो. हा प्रश्न बाजारपेठेचा जेवढा आहे तेवढाच भाषेचाही आहे. फ्रान्समधील ‘लायोल’ या पारंपरिक घडीच्या चाकूचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक ठरतो.

लायोल हे दक्षिण फ्रान्समधील आव्हेरों प्रांतातले, ओब्राकच्या पठारावरील गुरे पाळणाऱ्यांचे लहानसे गाव. परंपरेनुसार 1829 साली कालमेल या घराण्याने येथे हा चाकू घडवला. स्थानिक शेतकऱ्यांचा साधा चाकू आणि स्पेनमधील ‘नावाहा’ हा घडीचा चाकू या दोहोंचा संस्कार त्याच्या बाकदार आकृतीत दिसतो असे मानले जाते. 1880च्या सुमारास त्याला बूच काढण्याचा मळसूत्री आकडा जोडला गेला. या प्रांतातून पॅरिसला गेलेल्या आणि तेथे खानावळी व मद्यगृहे चालवणाऱ्या स्थलांतरितांची गरज त्यामागे होती असे सांगतात. म्हणजे ज्याला ‘अस्सल’ म्हणायचे ते रूपही गावाबाहेरील संपर्कातूनच सिद्ध झाले.

चाकूच्या पाठीवरील मधमाशीची कथाही अशीच बोलकी आहे. शौर्याबद्दल नेपोलियनने हे चिन्ह गावाला बहाल केले, अशी आख्यायिका आहे. नेपोलियनचा मृत्यू 1821चा, चाकूचा जन्म 1829चा, आणि मधमाशी प्रचारात आली ती विसाव्या शतकाच्या आरंभी. आख्यायिका वस्तूला प्राचीनता देते. मात्र अस्सलपणाची साक्ष म्हणून पुढे केलेले हे चिन्हच नक्कल करण्यास सर्वांत सोपे ठरले. आज स्वस्त आयात चाकूंवरही मधमाशी असते.

विसाव्या शतकात या चाकूचे उत्पादन जवळजवळ पूर्णपणे तिएर या शहराकडे गेले. मध्ययुगापासून चाकू-कात्र्यांसाठी ख्यात असलेल्या तिएरला द्युरोल नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या सहाणी होत्या आणि कामाची काटेकोर विभागणी होती. लायोल गावात नाव उरले, भट्ट्या विझल्या. 1987 साली गावात नव्याने कारखाना उभा राहिला, तेव्हा गावाच्या दृष्टीने तिएरचा चाकू ‘बाहेरचा’ होता; पुढे आशियातून आलेल्या स्वस्त चाकूंच्या तुलनेत तोच ‘देशी’ ठरला. देशी-विदेशीची सीमारेषा बोलणारा कोठे उभा आहे त्यावर बदलते, ती अशी.

खरा पेच 1993नंतर निर्माण झाला. गावाशी संबंध नसलेल्या एका व्यावसायिकाने ‘लायोल’ हे नाव अनेक प्रकारच्या वस्तूंसाठी व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले आणि आयातदारांना त्याचे परवाने दिले. गावाने न्यायालयात दाद मागितली. 2012 साली दावा फेटाळला गेला, तेव्हा ग्रामस्थांनी निषेध म्हणून वेशीवरील गावाच्या नावाची पाटी उतरवली. 2014 साली अपीलही फेटाळले गेले. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि 2019 साली पॅरिसच्या अपील न्यायालयाने त्या व्यावसायिकाची अनेक चिन्हे रद्दबातल ठरवली.

या वादातील मुख्य अडचण व्याकरणाची होती. फ्रेंचमध्ये ‘लायोल’ हे विशेषनाम राहिले नव्हते. विशिष्ट आकाराच्या चाकूचे ते सामान्यनाम झाले होते. नाव जेवढे लोकप्रिय, तेवढी त्यावरील गावाची पकड सैल, असा हा विरोधाभास. 2014च्या कायद्याने हस्तव्यवसायातील वस्तूंनाही भौगोलिक उपदर्शनाचे संरक्षण शक्य केले. मात्र 2022 साली ‘लायोल चाकू’ला अशी मान्यता देताना तिएरचाही परिसर त्यात धरला गेला, आणि गावाने त्याला विरोध केला.

भारतीय भाषांत हा व्यवहार प्रत्ययातून घडतो. रामपूरचा तो ‘रामपुरी’, पैठणची ती ‘पैठणी’, कोल्हापूरची ती ‘कोल्हापुरी’. ‘ई’ हा प्रत्यय मूळस्थान सांगतो; परंतु विशेषणाचे नाम झाले की स्थान मागे पडते. मराठी वाचकाला ‘रामपुरी’ म्हटले की खटक्याचा चाकू आठवतो, उत्तर प्रदेशातील शहर नव्हे. हिंदी चित्रपटाने हा शब्द देशभर नेला, पण त्यासोबत गुन्हेगारीची छाया नेली, कारागिरांची कीर्ती नव्हे. कोल्हापुरी चपलेचे उदाहरण लायोल-तिएर संबंधाच्या अधिक जवळचे आहे. 2019 साली मिळालेल्या भौगोलिक उपदर्शनात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे अंतर्भूत आहेत. नाव एका शहराचे, कसब सीमेच्या दोन्ही बाजूंचे. तेथे कायद्याने नावापेक्षा हातांचा भूगोल अधिक ग्राह्य मानला.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला मूळ आणि अनुकरण, स्वीकार आणि अपहरण हे भेद परिचित आहेत. लायोलच्या उदाहरणातून एवढे स्पष्ट होते, की रूपाचा प्रवास हा अपहार नव्हे; तसे असते तर नावाहाचा ऋणी असलेला लायोलचा चाकूही आरोपी ठरला असता. अपहार घडतो तो रूप घेताना नव्हे, तर घडवणाऱ्याचा पत्ता पुसून त्याचे नाव मात्र विकले जाते तेव्हा. ग्रामस्थांनी उतरवलेली पाटी हेच सांगत होती : नाव सर्वत्र पोचले, आणि ज्यांचे ते होते त्यांनाच ते आपले म्हणून सिद्ध करावे लागले.