माझ्याकडे तर चालत होते!

२००८ सालची गोष्ट. आमच्या भागातील एका सार्वजनिक वाचनालयासाठी मी पुस्तकांच्या देवघेवीची आज्ञावली लिहून दिली होती. सभासदाचे नाव टाकले की त्याच्याकडे कोणती पुस्तके आहेत, वर्गणी किती थकली आहे, हे पडद्यावर दिसावे, एवढेच तिचे काम. माझ्या घरच्या संगणकावर ती सुरेख चालत होती. ग्रंथपालबाईंनी आणि कॉलेजच्या दोन मुलींनी माझ्याकडे येऊन सभासदांची सगळी नावे मराठीत भरली. मग मी भाड्याच्या सर्व्हरवर जागा घेतली, फायली चढवल्या आणि पत्ता उघडला. पडद्यावर चुकीचा एक इंग्रजी संदेश तेवढा आला.

चार रविवार खर्ची घातल्यावर ती चालू झाली. नोंदी तिकडे हलवल्या. घरची प्रत राहिली तर कुणी चुकून तिच्यातच नोंदी करील, म्हणून ती पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला, "सर, आमची माणसं कुठं गेली?" पाहतो तो काय, वर्गणीचे आकडे जसेच्या तसे, पण प्रत्येक नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग!

"माझ्याकडे तर चालत होते," हे माझे पहिले वाक्य. आज्ञावली लिहिणारा प्रत्येक जण ते कधी ना कधी बोलतो. ते खरे असते, आणि तरीही समोरच्याच्या काही उपयोगाचे नसते. असे का होते, तेच आज सांगायचे आहे.

एखादी सुगरण परक्या घरी स्वयंपाकाला उभी राहिली, तर कृती तीच असूनही पदार्थ बिघडू शकतो. शेगडीची आच वेगळी, पातेले पातळ, हिंगाचा डबा सापडत नाही. घरी या गोष्टी हाताशी असतात, म्हणून त्या कृतीत लिहायच्या राहून जातात. आज्ञावलीचेही तसेच आहे. ती एकटी कधीच चालत नाही. तिला भाषेची विशिष्ट आवृत्ती लागते, इतरांनी लिहिलेल्या पूरक आज्ञावल्या लागतात, डेटाबेस लागतो, त्याच्या मांडणीचे नियम लागतात.

पूर्वी हा त्रास कमी होता. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ साली लोकांपुढे ठेवलेली पीएचपी ही भाषा भाड्याच्या बहुतेक सर्व्हरवर आधीपासून बसवलेली असे. फाइल चढवली की पान दिसू लागे. २००३ साली आलेले वर्डप्रेस घरोघर पोचले, त्याचे एक कारण ते पाच मिनिटांत बसते ही त्याची ख्याती. पुढे २००४ साली रुबी ऑन रेल्स आणि २००५ साली जँगो ही वेब फ्रेमवर्क खुली झाली. जँगोचा जन्म तर अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत झाला. फ्रेमवर्क म्हणजे तयार सांगाडा. पाने जोडणे, अर्ज तपासणे, डेटाबेसशी बोलणे ही नित्याची कामे तो करतो. आपण फक्त आपल्या कामापुरते लिहायचे. लिहिणे झटपट होऊ लागले, पण बसवणे अवघड झाले. कारण आता सर्व्हरवर आपली आज्ञावली सतत जागी ठेवावी लागे, आणि तिचा सगळा गोतावळाही तिथे न्यावा लागे.

माझी पहिली अडचण आवृत्तीची होती. पायथन भाषेच्या २.५ आवृत्तीत आलेली एक आटोपशीर वाक्यरचना मी वापरली होती. भाड्याच्या सर्व्हरवर २.४ होती. तिला ते वाक्यच कळेना. यावर उपाय असा, की प्रत्येक आज्ञावलीला स्वतःची वेगळी खोली द्यायची आणि कोणत्या पूरक आज्ञावलीची कोणती आवृत्ती लागते, याची यादी सोबत ठेवायची. पायथनमध्ये २००७ च्या सुमारास आलेले व्हर्च्युअलएन्व्ह पूरक आज्ञावल्यांची अशी वेगळी खोली करून देते. भाषेची आवृत्ती मात्र आपणच नेमून द्यावी लागते. रुबीमध्ये यादीचे काम बंडलर करते. किराणा मालाच्या यादीत नुसते 'तांदूळ' न लिहिता 'आंबेमोहोर, दोन किलो' असे लिहावे, तसे हे.

दुसरी अडचण जोडणीची. प्रत्येक फ्रेमवर्कची सर्व्हरशी जोडायची तऱ्हा निराळी होती. पायथनच्या मंडळींनी २००३ साली डब्ल्यूएसजीआय नावाचा एक समान करार मांडला. भिंतीतला सॉकेट आणि यंत्राची पिन यांचे माप एकदा ठरले की कोणतेही यंत्र कोठेही लागते, तोच हा प्रकार.

तिसरी अडचण सर्वांत महाग पडली. मायएस्क्यूएल या डेटाबेसची मूळ मांडणी त्या काळी युरोपीय लिपीची असे; ती २०१८ च्या ८.० आवृत्तीत बदलली. घरी मी हाताने युनिकोडची मांडणी केली होती आणि विसरून गेलो होतो. सर्व्हरवर ती केली नाही. देवनागरी अक्षर साठवता येईना, तेव्हा डेटाबेसने निमूटपणे त्या जागी प्रश्नचिन्ह ठेवले. मूळ अक्षर गेले ते गेलेच. अशा गोष्टी माणसाच्या स्मरणावर सोडायच्या नाहीत. डेटाबेसच्या मांडणीतला प्रत्येक बदल आज्ञावलीसोबत लिहून ठेवायचा आणि यंत्राकडूनच करवून घ्यायचा. याला मायग्रेशन म्हणतात. जँगोमध्ये ही सोय २०१४ साली मुळातच आली.

पुढे २०१३ साली डॉकर आले. १९५६ साली अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांनी एका जहाजावर अठ्ठावन्न पेट्या चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवल्या, आणि मालवाहतूक बदलली. गोदीतल्या माणसाला आत काय आहे, हे पाहायची गरज उरली नाही. आपल्या मुंबईच्या डबेवाल्याला तरी डब्यात भरली वांगी आहेत की भेंडी, याच्याशी काय कर्तव्य? डॉकरही आज्ञावली, तिची भाषा आणि तिच्या पूरक आज्ञावल्या एका डब्यात भरून पाठवते.

पण डबा आला म्हणजे सगळे झाले, असे नाही. डब्यातल्या जुन्या आवृत्त्यांमधील सुरक्षेच्या त्रुटी वेळोवेळी बुजवाव्याच लागतात. पासवर्ड डब्याबाहेर ठेवावे लागतात. आणि नोंदींची दुसरी प्रत ठेवण्याचे काम कोणताही डबा आपल्यासाठी करत नाही.

आमच्या वाचनालयाला वाचवले ते बाईंच्या वहीने. संगणक आला तरी त्यांनी हाताने लिहिणे सोडले नव्हते. सगळी नावे त्या वहीतून पुन्हा भरली. त्याआधी मात्र मी एक केले. आज्ञावली बसवायची कृती कागदावर लिहिली, कॉलेजातील एका मुलाला नव्या संगणकासमोर बसवले आणि स्वतः तोंड न उघडता शेजारी बसलो. तो सात ठिकाणी अडला. पहिल्या दोन वेळा मला त्याचा राग आला. तिसऱ्या वेळी लक्षात आले, की अडते आहे ते माझ्या आज्ञावलीत. सातही जागा दुरुस्त केल्यावर दुसऱ्या मुलीने ती एका दुपारी बसवली.

तुमच्या संस्थेसाठी, पतपेढीसाठी, शाळेसाठी कुणी आज्ञावली लिहून देत असेल, तर ती काय काय करते हे जरूर विचारा. पण त्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारा. तुम्ही नसताना ही नव्या संगणकावर कोण बसवील? कोणता कागद वाचून? आणि आमच्या नोंदींची दुसरी प्रत कुठे आहे? उत्तरे मिळेपर्यंत आपली वही मिटू नका.