वाघाच्या मुलखात दिवसाची लाईन

चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट. कोळसा इथला, राख इथली, पाणी इरई धरणाचं. तरी ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीडच्या धानपट्ट्यात शेतीची लाईन वर्षानुवर्षं पाळीनंच आली: दिवसा आठ तास, नाहीतर रात्री दहा. रात्री इतरांची मागणी ओसरते, म्हणून शेती रात्रीवर ढकलायची. वीज कंपनीच्या हिशेबात ते बरोबरच होतं. त्या हिशेबात वाघ नव्हता.

ब्रह्मपुरी वनविभागातले वाघ ताडोब्याच्या हद्दीबाहेर, गावांना लागलेल्या जंगलात राहतात. मोटारीला ऑटो स्विच लावता येतो. पण उन्हाळी धानाच्या बांधीचं तोंड फोडायला नि बुजवायला माणसालाच जावं लागतं, हातात टॉर्च आणि काठी घेऊन.

जून २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा. उपकेंद्राच्या पाच-दहा किलोमीटरच्या आत सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीचे फीडर त्यावर दिवसा चालवायचे. सरकार स्वस्त युनिटबद्दल बोलतं. या जंगलपट्ट्यात मात्र युनिटच्या दरापेक्षा अंधार पडायच्या आत घरी पोचणं मोलाचं.

रात्रीच्या लाईनचा आणखी एक उद्योग आहे. रानडुकरं धान उधळतात म्हणून काही जण खांबावरून आकडा टाकून कुंपणाच्या तारेत थेट करंट सोडतात. एप्रिल २०१७ मध्ये नागभीड भागात ‘श्रीनिवास’ हा वाघ अशाच तारेला चिकटून मेला. माणसंही गेली आहेत. खांबावरची वीज सलग वाहते, स्नायू आखडतात, सुटता येत नाही. सौर पॅनेल आणि बॅटरीवरची झटका मशीन हजारो व्होल्ट देते, पण सेकंदाला एकदा, तेही क्षणाच्या अंशभर. जनावर दचकतं आणि पळतं. जन-वन विकास योजनेत या कुंपणाला अनुदान आहे.

गडचिरोलीत मात्र सौर वाहिनीची गाडी जमिनीपाशी अडते. योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख भाडं आहे; पण भामरागड, एटापल्लीकडे मोकळी जागा शोधायला जावं तर बहुतेक वनजमीनच निघते आणि १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानुसार तिला केंद्राची मंजुरी लागते. पॅनेलसाठी मोह आणि साग तोडणार असाल, तर त्या विजेला हरित कोणत्या तोंडानं म्हणायचं? तिथे बांधावरचा सुटा सौर पंपच बरा. रोवणीच्या ढगाळ आठवड्यात तो मंदावतो. तेवढे दिवस भिस्त बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाण्यावर.